सतरावी मात्रा

प्रिंटरचं डोकं करकरत उजवीकडे गेलं, परत आलं, कागद एका ओळीनं वर सरकला, आणि चारुशीलाला दिसलं की सम चुकली आहे. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची फुली 'द्वार'मधल्या 'द्वा'खाली यायला हवी होती. ती एक घर आधीच, 'मोरे'मधल्या 'रे'खाली उमटली होती. 'द्वा' उजवीकडे ढकललं गेलं होतं, त्याच्यामागून 'र', आणि ओळीतला शेवटचा सूर चौकटीची रेघ ओलांडून समासात जाऊन पडला होता. साठ पानं बिनचूक निघाली होती. हे एकसष्टावं. तिनं कागद फाडून घेतला, उजेडाकडे धरला, जणू उजेडात तो वेगळा दिसेल, आणि मानेच्या मागे काहीतरी थंड सरकल्यासारखं वाटून तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. खोलीत वातानुकूलन यंत्र चालू होतं. बाहेर सदरच्या रस्त्यावर एप्रिलमधली शनिवारची दुपार होती. डांबर मऊ झालेलं, दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या. आत मात्र संगणकासाठी थंडी राखलेली. दारापाशी चपला काढून यावं लागे आणि फरशी तळपायांना झोंबे.

"झालं का, बाई?" मधुकररावांनी खुर्चीवर मांडी घालून बसल्या बसल्या विचारलं. ते कळमेश्वरकडचे, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, मार्तंडबुवांचे सगळ्यात जुने शिष्य. बुवांच्या स्वतःच्या एकशे बारा बंदिशींचं पुस्तक काढायचा ध्यास त्यांचाच. सोमवारी पानं छापखान्यात जायची होती आणि बुवांच्या पंचाहत्तरीला पुस्तक त्यांच्या हातात पडायचं होतं.

"एक ओळ सरकते आहे," ती म्हणाली.

"सरकते म्हणजे?"

"बघते मी."

छापखान्यांनी या कामाला नाही म्हटलं होतं, तिथूनच सगळं सुरू झालं होतं. वर सूर, खाली शब्द, त्याखाली तालाच्या खुणा, आणि सगळं एकाखाली एक, सरळ. खिळे जुळवणाऱ्यानं दोन पानं करून हात टेकले. मग मधुकरराव एक दिवस कार्यालयात आले होते, 'तुमच्या त्या मशीनवर होत नाही का वं बाई?' असं विचारत. साहेबांनी शनिवारची अर्ध्या सुटीनंतरची वेळ वापरायला परवानगी दिली, संगणकात देवनागरीचं कार्ड बसवलेलं होतंच, आणि चारुशीलानं चार महिने खपून तो प्रोग्रॅम लिहिला. सूर साध्या अक्षरांत टाईप करायचे. कोमल सुराआधी उणे, तीव्र मध्यमाआधी अधिक, मंद्र सप्तकासाठी स्वल्पविराम. मात्रा संपली की एक मोकळी जागा, विभाग संपला की उभी दांडी. बाकीचं प्रोग्रॅमनं करायचं. पण प्रोग्रॅम काही समजूतदार माणूस नव्हे. मंद्रातला कोमल निषाद आला की खालची रेघ आणि खालचा बिंदू एकमेकांवर बसून काळा डाग पडे; मग रेघ ओढून झाल्यावर कागद केसभर खाली सरकवून बिंदू द्यायला तिनं शिकवलं. जोडाक्षरांनी तर महिनाभर छळलं. डोळ्याला 'द्वा' एक अक्षर दिसतं, यंत्राला त्यात चार खुणा दिसतात, आणि चार खुणांना ते चार घरं देऊन टाकतं. ते सगळं जानेवारीतच निस्तरलं होतं. तरीही आत्ता तिनं आधी 'द्वा'वरच संशय घेतला. घेतला म्हणण्यापेक्षा घ्यावासा वाटला. 'द्वा' काढून तिथं साधा 'दा' टाकला, ओळ पुन्हा छापली. फुली तिथंच. 'छाँव'वरचा चंद्रबिंदू काढला. फुली तिथंच. एखादी मोकळी जागा दोनदा पडली असेल म्हणून पडद्यावर बोट ठेवून एकेक जागा मोजली, पडली नव्हती. शेवटी तिनं प्रोग्रॅममध्ये पाच ओळी वाढवल्या, आवर्तनातल्या मात्रा मोजून सांगणाऱ्या. हे खरं तर पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. का केलं नव्हतं? तिला आठवेना. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: पान ६१, ओळ ४, मात्रा १७.

त्रितालाच्या सोळा. सतरा कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

"काय म्हणते मशीन?"

"एक मात्रा जास्त आहे. वहीतच."

मधुकररावांनी वही उघडली. लांबट, कापडी पाठीची वही. पानं पिवळी पडलेली, जांभळी शाई. त्यांनी पान काढून तिच्यासमोर धरलं आणि तिला स्वतःचं अक्षर दिसलं. तेराव्या वर्षीचं, ताठ, प्रत्येक ओळीखाली पट्टीनं रेघ मारलेलं. बुवांना स्वतःला लिहायचा कंटाळा. ते गात आणि जो समोर असेल तो लिहून घेई. एकोणीसशे अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात समोर ती असे. गेले चार महिने तिनं ही वही पानोपान टाईप केली होती. हे पानही केलं होतं, मागच्या शनिवारी, आणि बोटं त्याच्यावरून न थांबता गेली होती, ओळखीच्या गल्लीतून मान खाली घालून जावं तशी. भीमपलास. धूप ढली अँगना. अंतऱ्याची दुसरी ओळ. 'छाँव फिरी', मग अवग्रह, अवग्रह, अवग्रह, 'मोरे', आणि 'द्वार'. सूर एकेक मात्रा लांबवणारे दोन अवग्रह हवे होते. वहीत तीन होते, आणि तिसरा काही गडबडीत पडलेला नव्हता. शाई भरून, नीट, इतर दोघांएवढाच काढलेला होता.

"लहान होत्या तुम्ही तेव्हा," मधुकरराव हसून म्हणाले. "पडला असंन हातून. काढून टाका."

तिनं तिसऱ्या अवग्रहाशी खूण नेली आणि एक कळ दाबली. ओळ डावीकडे सरकली. 'द्वा' समेवर येऊन बसलं, शेवटचा सूर चौकटीत आला, सगळं पान निमूट झालं. आता फक्त साठवायचं होतं. एक कळ. तिची करंगळी त्या कळीवर टेकली होती आणि दाबली जात नव्हती. तिला स्वतःच्या बोटाचं नवल वाटलं. मग भीती वाटली. मग तिनं दुसऱ्या हातानं तो अवग्रह परत टाकला.

"काहून वं बाई?" मधुकररावांच्या आवाजातलं हसू कमी झालं. "मले सोमवारी पानं द्या लागते. पोरं यावरून परीक्षेले बसतीन. सतरा मात्रांचा त्रिताल छापला तर लोक बुवांले हसतीन, आपल्याले नाही."

"मी उद्या बुवांना विचारते."

"त्यांले काय विचारता एवढ्याशासाठी? उन्हाचा त्रास होऊन राहिला त्यांले. कान गेलेले."

"माझं अक्षर आहे ते, मधुकरराव. मला विचारू द्या."

हे तिनं इतक्या करकरीत आवाजात म्हटलं की ते मांडी सोडून खाली पाय टाकून बसले.

बसमध्ये खिडकीची पट्टी हाताला पोळत होती. तिनं वही मांडीवर धरली होती आणि त्यावर पर्स, वहीनं उडून जाऊ नये म्हणून. हातून पडला असेल. पडला असेल तर बरंच होतं. पण बुवा शिकवताना उजव्या हातानं मांडीवर मात्रा देत, आणि चारुशीला त्या हाताकडे पाहून लिही, गळ्याकडे नव्हे. गळा फसवतो, हात फसवत नाही, असं ते स्वतःच सांगत. त्या दुपारी हात मांडीवर पडला होता आणि गळा थांबला होता. एक मात्रा. म्हणून तिनं अवग्रह काढला. तिनं जे घडलं ते लिहिलं. लिहिण्यापुरती ती खरी वागली होती.

तेव्हा बुवा गावातल्या महाल भागात राहत. पुढची शिकवणीची खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागे एक अंधारी खोली, आणि तिथं बुवांच्या पत्नी, मनकर्णाकाकू, तीन दिवस तापानं पडलेल्या. पुढच्या खोलीच्या खिडक्यांना ओले पडदे. चारुशीला तीन वाजता उन्हातून डोक्यावर ओला रुमाल टाकून आली तेव्हा बुवा एकटेच तंबोरा लावून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही. 'बस. लिही. ही अजून कोणाला दिलेली नाही.' अजून कोणाला दिलेली नाही! वर्गात तिच्याहून मोठी, तयार गळ्याची पाच-सहा माणसं होती. मधुकररावच तेव्हा चाळिशीला आले होते. आणि बुवा तिला, फ्रॉकमधल्या मुलीला, नवी बंदिश देत होते. तिच्या कानांत रक्त वाजत होतं. अस्ताई झाली. अंतऱ्याची पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत बुवा अडखळत होते, पुन्हा मागे जात होते, 'छाँव फिरी'पर्यंत येऊन सोडून देत होते, आणि मग ती जागा त्यांना सापडली. निषादावरून पंचमावर उतरण्याची, पाणी ओसरावं तशी. आणि त्याच वेळी आतून हाक आली.

मोठी नव्हती. तंबोऱ्याच्या आवाजात मिसळून जाईल एवढीच. बुवांचा हात मांडीवर पडला, गळा थांबला, आणि पुढच्या मात्रेला पुन्हा लागला. 'मोरे द्वार.' सम. आवर्तन संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'आतून कोणी हाक मारली का गं?'

'नाही, बुवा,' ती म्हणाली होती.

तिला तंबोरा थांबायला नको होता. एवढंच होतं. मागून, वर्षानुवर्षं, तिनं त्या 'नाही'ला बरीच कारणं लावून पाहिली. हाक आमच्यासाठी नव्हती. आजारी माणूस झोपेतही हाक मारतं. मी लहान होते. कारणं सगळी खरी होती आणि एकही पुरत नव्हतं. साडेचारला बुवा आत गेले आणि त्यांचा आवाज आला, तो गाण्याचा नव्हता. काकू कॉटच्या खाली पडलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, अर्धा-पाऊण तास झाला असावा. अर्धा-पाऊण तास. चारुशीलानं पुढच्या खोलीत उभ्या उभ्या हिशेब केला आणि तेव्हापासून हिशेबाचा विषयच जवळ केला. मॅट्रिकचं वर्ष जवळ येतंय म्हणून महिन्याभरात शिकवणी सोडली. गणित, मग संख्याशास्त्र, मग संगणक. हळदीकुंकवाला कोणी गाणं म्हण म्हटलं की ती घसा बसलाय म्हणे. नवऱ्याला, अनंतला, लग्नाला नऊ वर्षं होऊनही ती कधी गायला शिकत होती हे ठाऊक नव्हतं. मधुकरराव कार्यालयात आले त्या दिवशी त्याला ते कळलं, आणि त्यानं कौतुकानं विचारलं होतं, 'सांगितलं नाहीस कधी?' तिनं म्हटलं होतं, 'सांगण्यासारखं काही नव्हतं.'

आणि मग पुस्तकाचं काम कशाला घेतलं? तेही तिला धड सांगता आलं नसतं. बुवांचं काहीतरी फेडावं असं वाटलं असेल. किंवा त्या वहीत काय लिहून ठेवलंय ते एकदा पाहून घ्यावं असं.

रविवारी दुपारी जेवणं आटोपताच ती प्रतापनगरला गेली. बुवा आता त्यांच्या मुलीकडे, शोभाताईंकडे राहत होते. म्हणजे शोभाताईंनी शाळेतली नोकरी धरली, लग्न केलं नाही आणि वडलांना इथं आणलं. दार त्यांनीच उघडलं. छत्तीस-सदतिशीच्या, पण केस पांढरे व्हायला लागलेले. हातात रिकामी बादली. "ये गं चारू. एवढ्या उन्हाची कशाला आलीस? डोकं झाकून तरी यायचंस. कूलरमध्ये पाणी भरून राहिले होते. बस बाबांपाशी, मी चहा टाकते." त्या नेहमीच असं भरभरून बोलत आणि चारुशीलाला नेहमीच त्यांच्या डोळ्यांना डोळे भिडवणं जड जाई. आजही तिनं बादलीकडे पाहून मान हलवली.

बुवा खिडकीशी कॉटवर टेकून बसले होते. कूलरच्या वाऱ्यानं त्यांचे विरळ केस उडत होते. तिनं खुर्ची उजव्या कानाकडे ओढली. त्या कानानं त्यांना अजून ऐकू येई. वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली, त्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथं सतरा मात्रा होतात, बुवा."

त्यांनी चष्मा लावला. ओठ हलले, उजवा हात मांडीवर पडू लागला. एक, दोन, तीन. सातव्यापाशी हात थांबला. कूलरच्या वाळ्याच्या ताटीतून पाणी ठिबकत होतं.

"सोळाच," ते म्हणाले. "हा अवग्रह जास्तीचा आहे. काढ."

"माझ्या चुकीनं पडलेला नाही. तुम्ही थांबला होता. तुमचा हात पडला होता आणि गळा थांबला होता."

"ती मात्रा बंदिशीतली नाही, चारू. काढून टाक."

आणि ती काढणारच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडेनऊलाच कार्यालयात गेली, अवग्रह पुसला, पान छापलं, मधुकररावांच्या हातात दिलं. पुस्तक वेळेवर निघालं, आणि त्या पानाकडे कोणाचं लक्ष जावं असं त्यात काही उरलं नाही. पण ते सोमवारी. आत्ता तिनं खुर्ची त्यांच्या कानाच्या आणखी जवळ ओढली.

"बुवा, त्या दिवशी आतून हाक आली होती. तुम्ही मला विचारलंत. मी नाही म्हटलं. मी ऐकली होती."

झालं. वीस वर्षं जे घशात होतं ते एवढंसंच होतं, चार वाक्यांचं. तिला वाटलं होतं ते रागावतील. रागावावेत म्हणूनच बहुधा आली होती ती. किंवा डोक्यावर हात ठेवतील, लहान होतीस म्हणतील. बुवांनी चष्मा काढला आणि घडी न घालताच वहीवर ठेवला.

"मीही ऐकली होती," ते म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. कूलरचा आवाज आहे, आपण चुकीचं ऐकलं, असं वाटलं.

"ऐकली होती तर मला विचारलंत कशाला?"

"तू नाही म्हणशील म्हणून." त्यांचा आवाज जुन्या गवयाचा, अजून भरलेला, त्या आवाजात हे शब्द विचित्र वाजले. "तीन दिवस ती जागा सापडत नव्हती मला. रात्री उठून बसत होतो. त्या क्षणी सापडली होती. उठून आत गेलो असतो तर हातची गेली असती. एकदा म्हणून बघतो, दोनदा म्हणून बघतो, मग जातो. असं म्हटलं मनाशी. तुला विचारलं, तू नाही म्हणालीस, मला बरं वाटलं. मग आपण ती वीसेक वेळा म्हटली असेल."

तेवीस वेळा. तिनं मोजलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं.

तिच्या डोळ्यांपुढे त्यानंतरचे दिवस आले, ज्यांच्याकडे ती कधी वळून पाहत नसे. महालातल्या त्या खोलीत बसलेली माणसं, अमरावतीहून आलेले काकूंचे भाऊ, दाराशी आईचा हात धरून उभी असलेली ती स्वतः. काकूंच्या भावानं विचारलं होतं, तुम्ही पुढच्या खोलीत होता आणि तुम्हाला काहीच कसं कळलं नाही? आणि बुवांनी तिच्याकडे बोट दाखवलं होतं. 'ही पोरगी बसली होती माझ्यासमोर. लहान कान आहेत तिचे. तिलाही काही ऐकू आलं नाही. विचारा तिला.' सगळी माणसं तिच्याकडे वळली होती. आणि तिनं दुसऱ्यांदा नाही म्हटलं होतं, आवाज न काढता, नुसती मान हलवून. त्या रात्री तिला ताप भरला. आई म्हणाली, उन्हाचा आहे. ते बोट. तिला आजवर वाटत आलं होतं की ते बोट तिचा खोटेपणा दाखवत होतं. ते तिच्या मागं लपत होतं.

"तुम्ही मला साक्षीला उभं केलंत," ती म्हणाली. "मी तेरा वर्षांची होते."

"हो."

"नंतर कधीही सांगता आलं असतं. मी मॅट्रिक झाले तेव्हा पेढे घेऊन आले होते. लग्नाची पत्रिका घेऊन आले होते."

"हो," बुवा पुन्हा म्हणाले. "तू गाणं सोडलंस ते मला कळत होतं का सोडलंस. मला वाटे, चारू आली की सांगू. तू आलीस की वाटे, आता जाऊ दे." त्यांनी हात पुढे केला, तिच्या हाताच्या दिशेनं. तिनं हात मागे घेतला. आपल्यात एवढा राग आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तो येत होता आणि त्याला धार होती, आणि त्यात लाज अजिबात मिसळलेली नव्हती, हे तिला त्याही स्थितीत जाणवलं. समोर एक म्हातारा होता, ज्याला आपल्या बायकोहून एक ओळ मोठी वाटली होती, पाऊण तासापुरती. आणि ओळ खरोखरच सुंदर होती. हेच तर. ती आजही सुंदर होती. काल छापून निघतानासुद्धा तिच्या मनात ती वाजली होती.

"शोभाताईंना माहीत आहे?"

बुवांनी मान हलवली. नाही. मग घाईनं म्हणाले, "तिला आता काय सांगायचं? तिचं माझ्याशिवाय कोण आहे? माझं तरी कोण आहे? चारू, झालं ते आपल्या दोघांत आहे. राहू दे."

आपल्या दोघांत. पुन्हा तिला आपल्या बाजूला बसवून घेत होते ते, ओल्या पडद्यांच्या त्या खोलीत. आतून कपबशांचा आवाज येत होता. शोभाताई ट्रे घेऊन आल्या, तीन कप, बशीत पापड. त्यांनी एकदा वडलांकडे पाहिलं, एकदा चारुशीलाकडे.

"काय झालं? बाबा, काय झालं?"

बुवांनी पांघरुणावरचा हात किंचित उचलला. चारुशीलाला तो दिसला. हीच वेळ होती. पुन्हा एक 'काही नाही' म्हणायची. वहीवरचा चष्मा वाऱ्यानं हलत होता आणि ती त्याच्याकडे पाहत होती. मग तिनं मान वर करून शोभाताईंच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"बसा, शोभाताई," ती म्हणाली. "मला तुम्हाला काकूंबद्दल सांगायचंय. त्या गेल्या त्या दुपारचं."

त्या बसल्या, ट्रे मांडीवर घेऊनच. तिनं सांगितलं. काही सोडलं नाही, काही जोडलं नाही; हात पडला, गळा थांबला, बुवांनी विचारलं, मी नाही म्हटलं, मी ऐकलं होतं, बुवांनीही ऐकलं होतं, आम्ही गात राहिलो. बुवा भिंतीकडे तोंड करून बसले होते. बोलताना तिचा आवाज एकसारखा लागत गेला आणि शेवटाला आल्यावर बंद झाला. कूलर तेवढा चालत होता. शोभाताईंच्या हातातल्या ट्रेवर चहाच्या कपांना साय धरत होती.

तिला वाटलं आता त्या उठतील. आपल्याला बाहेर काढतील, वडलांवर ओरडतील, रडतील. त्यांनी ट्रे उचलून खाली फरशीवर ठेवला, सावकाश, चहा न सांडता.

"काय म्हणाली ती?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"आई. हाक मारली म्हणतेस ना. काय म्हणून मारली?"

बुवांचं डोकं भिंतीवरून इकडे वळलं. त्यांना फक्त आवाज ऐकू आला होता, शब्द नाही. तंबोरा त्यांच्या कानाशी होता. वीस वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं, ते नुसतं आत होतं, कोणाचीतरी वस्तू आपल्या घरात राहून जावी तसं.

"तुमचं नाव घेतलं," चारुशीला म्हणाली. "शोभू म्हणाल्या. एकदाच. तुम्ही घरात नव्हता, म्हणून मला वाटलं..." पुढचं तिनं गिळलं.

शोभाताईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. आता ते एकमेकांत घट्ट अडकले.

"सकाळी भांडण झालं होतं आमचं," त्या म्हणाल्या. कोणाला सांगताहेत ते कळत नव्हतं. "मैत्रिणीकडे जायचं होतं मला. ती म्हणाली, माझ्या अंगात ताप आहे, आज नको जाऊ. मी म्हटलं, तू रोजच आजारी असतेस. ती बोललीच नाही मग माझ्याशी. मी जाते म्हणाले दारातून, तरी बोलली नाही. कूस वळवून घेतली. तीच शेवटची भेट. मला वाटलं, रागातच गेली." त्या थांबल्या. "कशी म्हणाली? चिडून म्हणाली का?"

"नाही."

"मग कशी?"

सांगता येण्यासारखं ते नव्हतं. पहिलं अक्षर थोडं लांबलेलं, पंचमावर. दुसरं अर्ध्यावर सोडलेलं. घरातल्या घरात मारतात तशी हाक, ये म्हणणारी नाही, आहेस ना एवढंच विचारणारी. असं काही तिनं बोलून पाहिलं, पण शोभाताई तिच्या ओठांकडे पाहत होत्या आणि त्यांना ते नको होतं. चारुशीलानं डोळे मिटले. घसा बसलाय, असं कोणाला सांगायची सोय उरली नव्हती. तिनं श्वास घेतला, सूर आठवला, आणि मनकर्णाकाकूंनी मारली होती तशी हाक मारली.

"ओ," शोभाताई म्हणाल्या.